शिमगा, बंदी, गणपती, दत्तजयंती

पाच वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर माझे नाव आणि मला कोणत्या खोलीत जायचे आहे, हे दोन्ही मोठ्याने पुकारले गेले. रांगेत माझ्या वाडीतली दोन माणसे उभी होती. त्यानंतर दोन वर्षे मी एचआयव्हीच्या चाचणीला फिरकलो नाही. म्हणूनच आज रत्नागिरीत पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये आणि मिरकरवाडा बंदरातल्या खलाशांमध्ये पीअर म्हणून, म्हणजे त्यांच्यातलाच एक सोबती म्हणून काम करताना, चाचणी टाळणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये एचआयव्हीच्या स्वचाचणीची, म्हणजे संच घेऊन स्वतःच चाचणी करण्याची, शिफारस केली. हिरड्यांवरून कांडी फिरवायची, ती द्रावणात ठेवायची आणि 20 मिनिटे थांबायचे. लाळेतून एचआयव्ही पसरतो, असा अर्थ यातून अनेकजण काढतात. प्रत्यक्षात ही चाचणी विषाणू नव्हे, तर शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती दिसू लागायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे आजचा निगेटिव्ह निकाल नुकत्याच घडलेल्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या, गोळ्या घेणाऱ्याने तर ही चाचणी करूच नये, कारण निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

संच हातात देणे सोपे आहे; तीन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा चाचणी करील, हे घडवणे अवघड आहे. "तीन महिन्यांनी" हा शब्द कोणाच्याच लक्षात राहत नाही, हे कळल्यावर मी तारखा सोडून सण धरले: शिमगा, 1 जूनला मासेमारी बंदी लागण्याआधीचे दिवस, गणपती आणि दत्तजयंती. अंतर थोडे मागेपुढे होते, पण हिशेब चुकता करून गावी निघालेल्या खलाशाला "बंदीच्या आधीची राहिली" एवढे म्हटले तरी पुरते, आणि शेजारी उभ्या असलेल्याला त्यातून काही उमगत नाही.

"दादा, तू पण करतोस काय?" हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला आहे. मी करतो, अनेकदा त्याच्या शेजारी बसूनच. ती 20 मिनिटे फार लांब असतात; त्या वेळात आम्ही डिझेलच्या भावापासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळे बोलतो. निकाल मात्र मी कधीच विचारत नाही. "झाली का?" एवढेच विचारतो. निकाल सांगायचा की नाही, हा त्याचा अधिकार आहे, आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानेही संमती आणि गोपनीयता यांना संरक्षण दिले आहे.

एकदा मात्र न विचारताच पट्टी माझ्यापुढे सरकवली गेली. तिच्यावर दोन रेघा होत्या, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह होता. हे निदान नव्हे, आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री केल्याशिवाय काहीही ठरत नाही आणि ठरलेच तर औषधे मोफत मिळतात, हे मी त्याला सांगितले. पण त्याने त्यातले किती ऐकले असेल, याची मला शंका आहे. त्याने विचारले ते एवढेच, की केसपेपर कोण काढणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीच्या रांगेत त्याच्याबरोबर मीही उभा राहिलो.