बुटीबोरी, मे महिना आणि डायल-अप मोडेम

क्लायंट फोनवर "लँडलाइन आहे, टोन येतो" म्हणाला, तर लगेच नागपूरचं तिकीट काढू नका. आधी त्याला सांगा, ऑफिसचा मेन स्विच पाडा आणि रिसीव्हर कानाला लावा. टोन तसाच राहिला तर तांब्याची जोडी अजून एक्स्चेंजपर्यंत जाते आहे, कारण तिला एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीवरून वीज मिळते. टोन गेला तर तुमची लँडलाइन म्हणजे फायबरच्या डब्याच्या मागे खोचलेली वायर. मला हे साइटवर पोचल्यावर कळलं, कारण फोनवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिकडून "हो सर, टोन आहे" एवढंच उत्तर येत होतं. खोटं कोणी बोललं नव्हतं. टोन होताच.

काम असं होतं की बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये जुना कॉम्प्रेसर आहे. त्याच्या कंट्रोलरला सीरियल पोर्ट, पोर्टला मोडेम, आणि मशीन बनवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर फक्त फोन नंबर फिरवून जोडतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये आयपी पत्ता टाकायला जागाच नाही. म्हणून "आजच्या काळात डायल-अप कशाला" हा प्रश्न मला विचारू नका, मशीनच्या मालकाला विचारा. आरएस-232 म्हणजे काय, मोडेमला डीसीई का म्हणतात, हे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो आहे. मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री आणि साधा बटणांचा टेलिफोन तुमच्या बॅगेत असेलच. नसेल तर आधी तो घ्या.

पोचायचं कसं, हे आधी संपवतो. स्टेशनाबाहेर बुटीबोरी म्हटलं की रिक्षावाला तुमच्या बॅगेकडे बघून भाडं ठरवतो. मला बाराशे सांगितले, वर "सर, रिकामा परत यावं लागते" हे ऐकवलं. अंतर तीसेक किलोमीटर. रेल्वे स्टेशनवरून मेट्रोची अॅक्वा लाइन मिळते, सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइन पकडा, ती खापरीला सोडते. मी गेलो तेव्हा मेट्रो तिथपर्यंतच होती. पुढे वर्धा रोडवर बस किंवा शेअर रिक्षा. सामान जड असलं तरी हाच रस्ता घ्या. सकाळी लवकर निघा, कारण दहानंतर खापरीच्या बाहेर उभं राहून बसची वाट बघणं ही मे महिन्यात शिक्षा आहे. पारा 45च्या वर जातो आणि वारा भट्टीतून आल्यासारखा येतो.

त्याच उन्हात मोडेम पत्र्याच्या शेडमधल्या पॅनलमध्ये बसवलेला होता. टेबलावरचे बहुतेक मोडेम 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. बंद पॅनलच्या आत दुपारी किती होतं, ते दार उघडून हात घातला की कळतं. दुपारी तीनला मोडेम अडकतो आणि रात्री आपोआप चालू लागतो, अशी तक्रार असेल तर कमांड शोधत बसू नका, पॅनलला पंखा लावा किंवा मोडेम बाहेर काढा. नवा घ्यायचाच असेल तर डीन रेलवर बसणारा, 24 व्होल्ट डीसीवर चालणारा औद्योगिक मोडेम घ्या. टेबलावरच्या काही मोडेमना 9 व्होल्ट एसीचा अडॅप्टर लागतो. तिथल्या कोणीतरी "9 व्होल्टच तर आहे" म्हणून डीसीचा लावून ठेवला होता, आणि मोडेम मेला आहे असं सगळे महिनोन्महिने धरून चालले होते.

आता फायबरची गोष्ट. यानंच माझा जीव घेतला.

फायबरवर तुमचा आवाज पॅकेटमध्ये जातो. माणसाच्या बोलण्यात एखादं पॅकेट हरवलं तर कानाला कळत नाही, पण मोडेमची पकड तेवढ्यात सुटते. वाटेत कुठे जी.729 सारखं दाबून पाठवणारं कोडेक असेल तर विषयच संपला, कारण ते 64 किलोबिटांचा आवाज 8 किलोबिटांत बसवतं आणि मोडेमचे सूर त्यात टिकत नाहीत. न दाबता पाठवणारं जी.711 असेल तर आशा आहे. आमच्याकडे पॅकेटच हरवत असावीत, कारण कॉल लागायचा, मोडेम किंचाळायचा, सीडीचा, म्हणजे मोडेम जुळल्याचा, दिवा लागायचा, आणि मिनिटभरात लाइन तुटायची. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी. शेडमधला इलेक्ट्रिशियन शेजारी उभा राहून दर वेळी म्हणायचा, "पाहा, लागला ना सर! आता काहून कटून राहिला?"

उपाय आहे. वेग कमी करा, आणि लाज सोडून खूप कमी करा. 33,600 किंवा 14,400 वर मोडेम दोन्ही दिशांना एकाच पट्ट्यात बोलतात आणि आपलाच प्रतिध्वनी वजा करत राहतात. लाइनवर उशीर आणि गळती असली की ते गणित कोलमडतं. व्ही.22बिस, म्हणजे 2400 बिट, यात एक मोडेम 1200 हर्ट्झवर बोलतो आणि दुसरा 2400 हर्ट्झवर. प्रतिध्वनीचा प्रश्नच येत नाही आणि हँडशेकही काही सेकंदांत उरकतो. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला एटी&एन3 द्या. रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या मोडेमला एटी+एमएस ही कमांड आणि पुढे व्ही22बी. कॉल करणाऱ्या बाजूच्या मोडेमलाही तेच द्या. कॉम्प्रेसरचं प्रेशर, तापमान आणि चार अलार्म वाचायला 2400 पुरतो.

पण वेग कमी केला की दुसरी गाठ सुटायची राहते, आणि ती कोणी सांगत नाही. कंट्रोलर मॉडबस आरटीयू, म्हणजे सीरियल वायरीवरची यंत्रांची भाषा, बोलत असेल आणि पोर्ट 9600 वर असेल, तर लाइनवरून अक्षरं दर 4.2 मिलिसेकंदांनी येणार आणि पोर्टवर प्रत्येक अक्षर जेमतेम 1 मिलिसेकंदात संपणार. मधली पोकळी 3 मिलिसेकंदांहून जास्त. मॉडबसच्या नियमात एका फ्रेमच्या, म्हणजे एका पूर्ण संदेशाच्या, आत दीड अक्षरापेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हणजे 9600 वर सुमारे 1.6 मिलिसेकंद. काटेकोर कंट्रोलर अशी फ्रेम फेकून देतो आणि तुम्हाला स्क्रीनवर फक्त टाइमआउट दिसतो. म्हणून कंट्रोलरचा पोर्टसुद्धा 2400 वरच ठेवा. एरर करेक्शनही बंद करा, यूएस रोबोटिक्सला &एम0, कोनेक्झंटला \एन0. ऐकायला उलटं वाटतं, पण करेक्शन चालू असलं की मोडेम चुकलेला तुकडा परत मागवत बसतो आणि फ्रेमच्या मधोमध खड्डा पडतो. चुकीची फ्रेम आली तर मॉडबसचा सीआरसी, म्हणजे फ्रेमच्या शेवटी येणारा पडताळणीचा आकडा, ती नाकारतो आणि सॉफ्टवेअर परत विचारतं. तेवढं पुरे. सॉफ्टवेअरमधला टाइमआउट पाचेक सेकंदांवर न्या.

पॅरिटीही बघा, म्हणजे प्रत्येक अक्षराला जोडलेला तपासणीचा बिट. मॉडबसचं मूळ सेटिंग 8 बिट, ईव्हन पॅरिटी, एक स्टॉप, म्हणजे स्टार्ट धरून 11 बिट. बहुतेक डायल-अप मोडेम 10 बिटांचंच अक्षर समजतात. 8-एन-1 करा, म्हणजे 8 बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप. लॅपटॉप थेट कंट्रोलरला लावून "सगळं चालतंय" असं दाखवणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही.

मोडेमच्या कमांडचा क्रम महत्त्वाचा आहे. लॅपटॉपचा टर्मिनल आधी कंट्रोलरच्या वेगावर आणा, मगच एटी टाइप करा. मोडेम शेवटच्या एटीवरून पोर्टचा वेग ओळखतो आणि &डब्ल्यू दिलं की त्याच वेगानिशी सेटिंग जपतो. 115200 वर बसून सेव्ह केलंत तर कॉल आल्यावर तो कंट्रोलरशी 115200 वर बोलेल. एटी&एफ, मग एस0=1 म्हणजे पहिल्या घंटीला उचल, &डी0 म्हणजे डीटीआरकडे, कंट्रोलरच्या "मी तयार आहे" या खुणेकडे, लक्ष देऊ नको, ई0 म्हणजे आलेलं परत पाठवू नको, आणि शेवटी क्यू1 म्हणजे उत्तरं देऊ नको, नाहीतर "रिंग" आणि "कनेक्ट" ही अक्षरं थेट कंट्रोलरच्या घशात जातात. क्यू1 नंतर ओके येणं बंद होतं. मोडेम मेला नाही, गप्प बसला आहे. फ्लो कंट्रोल बंद करायला कोनेक्झंटवर &के0 आहे, पण तीच कमांड यूएस रोबोटिक्सवर कॉम्प्रेशन बंद करते, तिथे फ्लो कंट्रोलसाठी &एच0 आणि &आय0. आधीच्या माणसानं दोन्ही मोडेमना एकच कागद बघून कमांड दिल्या होत्या. कागद अजून पॅनलच्या दाराला चिकटलेला होता.

केबल विकत घेऊ नका, बनवा. कंट्रोलरबरोबर आलेली प्रोग्रॅमिंग केबल क्रॉस असते, मोडेमला ती चालत नाही. 9 पिनचा 2 ते 25 पिनचा 3, 3 ते 2, आणि 5 ते 7. मोडेमच्या बाजूला 4-5 जोडा, बस. यूएसबी-सीरियल अडॅप्टर मात्र घरून दोन न्या. माझा एक तिथे बिघडला आणि सीताबर्डीच्या बाजारात जावं लागलं. दुकानदारानं साध्या निळ्या वायरीचे साडेअठराशे घेतले, "ओरिजिनल चिप" म्हणून. लॅपटॉपला लावल्यावर ड्रायव्हरनं ओळखच दाखवली नाही. बनावट चिप. दुसऱ्या दुकानात नेल्यावर तिथला पोरगा न उघडताच हसला. दुकानातच लॅपटॉप काढून, टर्मिनल उघडून, 2 आणि 3 पिना स्क्रू ड्रायव्हरनं जोडून टाइप केलेलं परत येतं का ते बघा. परत आलं तरच पैसे द्या.

फायबरच्या डब्याबद्दल आणखी एक. तो ऑफिसच्या इमारतीत, रिसेप्शनच्या मागे, आणि तिथून शेडपर्यंत जुनी टेलिफोनची जोडी आवारातून फिरवून आणलेली. डब्याचा फोन पोर्ट एका खोलीतला टेलिफोन वाजवायला बनवलेला असतो. एवढ्या वायरीच्या टोकाला, त्यातही वाटेत सिक्युरिटीच्या केबिनचा फोन पॅरलल असेल, तर घंटी दुबळी पोचते आणि मोडेम उचलतच नाही. साधा टेलिफोन पॅनलजवळ लावून घंटीचा आवाज ऐका. मरगळलेला वाटला तर आधी ते पॅरलल फोन काढा. रोझेटमधले, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतले, स्क्रू उघडले तेव्हा तांबं हिरवं पडलेलं होतं, ते कापून नवीन काढलं आणि खरखर निम्म्यानं कमी झाली. वाटेत ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, असेल तर अॅनालॉग एक्स्टेन्शनच मागा, डिजिटल पोर्टवर मोडेम जळू शकतो. बाहेर फिरवताना 0 नंतर स्वल्पविराम टाका, म्हणजे दोन सेकंद थांबेल. टोन ओळखत नसेल तर एक्स3, म्हणजे टोनची वाट न बघता फिरव. कॉल वेटिंग बंद करून घ्या. तो एक बीप लाइन तोडायला पुरतो.

आणि यूपीएस. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद पडतो, तेव्हाच मोडेमनं फोन करून सांगायचं असतं, आणि नेमका तेव्हाच फायबरचा डबा मेलेला असतो. क्लायंटला हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लाइन बदलली. डब्याला आणि मोडेमला यूपीएस लावून घेतल्याशिवाय सही करू नका.

हिंगण्याच्या साइटवरचं काम सरळ होतं. तिथे तांब्याची लाइन आहे, वीज बंद करून टोन ऐकला, मोडेम बदलला, चालू झालं, तर्री पोहे खाल्ले. अॅक्वा लाइनवरून लोकमान्य नगर, पुढे रिक्षा.

बुटीबोरीच्या साइटला माझं मत विचाराल तर डायल-अप काढून टाका. 4जी राउटर, व्हीपीएन आणि सीरियल सर्व्हर, म्हणजे सीरियल पोर्टला नेटवर्कवर आणणारा डबा, लावा. सॉफ्टवेअरला नंबरच फिरवायचा असेल तर सीरियल सर्व्हरच्या काही मॉडेलमध्ये मोडेमचं सोंग घेण्याची सोय असते. एटीडीटी या नंबर फिरवायच्या कमांडपुढे आलेला नंबर तो आयपी पत्त्यावर वळवतो आणि सॉफ्टवेअरला पत्ता लागत नाही. क्लायंटनं ऐकलं नाही, "आत्ता चालतंय ना" म्हणाला. चालतं आहे, 2400 वर.

तिथे ठेवून आलो ते एक टायमर रिले. रोज पहाटे तीनला मोडेमची वीज दहा सेकंद तोडतो. उन्हात अडकलेला मोडेम त्यानं शुद्धीवर येतो आणि तुम्हाला विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढावं लागत नाही. मात्र टायमर मोडेमच्याच सर्किटवर टाका, कंट्रोलरच्या नको. तो पडला तर कॉम्प्रेसरही पडेल. आणि टेलिफोन लाइनला विजेच्या झटक्यापासून वाचवणारा लाइन प्रोटेक्टर जूनच्या आधी बसवा. शेडच्या अर्थिंगला जोडताना क्लॅम्प घासून साफ करा, रंगावरच कसू नका.