नानांची पावती

दुपारी तीन वाजता थर्मामीटर १०१ दाखवत होता आणि अंगातलं एकेक हाड आपली वेगळी तक्रार घेऊन बसलं होतं. फ्लू. मेतकूट-भात अर्धा टाकून मी पांघरुणात शिरलो. तेवढ्यात भाचीचा फोन. ती मायक्रोबायॉलॉजी शिकते, त्यामुळे तिला आजाऱ्याची कीव कमी आणि कुतूहल जास्त.

"मामा, ही अंगदुखी विषाणूची नाही काही. तुझीच आहे."

म्हणजे? तर म्हणे, पूर्वी हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाची इंजेक्शनं देत. फ्लूशी त्यांचा काही संबंध नसे, पण इंजेक्शननंतर काही तासांत थंडी, ताप, अंग मोडून येणं, सगळं साग्रसंगीत. ते इंटरफेरॉन आपल्या पेशी स्वतःच तयार करतात, विषाणू आत शिरला की. तीन दिवस मी ज्याला शिव्या मोजत होतो, त्यात घरच्या मंडळींचा वाटा बराच होता तर.

"पण पेशीला कळतं कसं, आत आलेला परका आहे ते?"

"टोपीवरून."

मला वाटलं ताप कानात गेला. पण खरंच, आपल्या पेशीतल्या निरोप्या आरएनएच्या टोकाला टोपी असते. शब्द शास्त्रज्ञांचाच आहे. रिग-आय नावाचं एक प्रथिन आरएनएची टोकं चाचपत हिंडतं. विषाणूचं बोडकं टोक हाती लागलं की बोंब ठोकतं. माझ्या आजोबांना हे समजावायला दोन मिनिटं लागली नसती. त्यांच्या लेखी बोडक्या डोक्यानं दारात आलेला माणूस एक तर वाईट बातमी आणणार, नाहीतर उधारी मागणार. फ्लूचा विषाणू वस्ताद असा, की तो आपल्याच आरएनएच्या टोप्या कापून पळवतो आणि स्वतःच्या निरोपांवर चढवतो. टोपी घालणं म्हणजे काय ते त्याला मराठीतून कुणी शिकवलं कोण जाणे. पण त्याच्या मूळ जनुकांची टोकं बोडकीच राहतात आणि तिथं तो सापडतो.

डीएनएची तऱ्हा वेगळी. तिथं टोपीबिपी नाही, नुसती जागा बघतात. डीएनए केंद्रकात असला तर ठीक. केंद्रकाबाहेर, पेशीच्या पातळ रसात सापडला की सीगॅस नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि धोक्याची घंटा वाजते. डॅलसच्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेतलं हे संशोधन २०१३ साली छापून आलं. मला हसूच आलं. आमची आजी हे सगळं चपलांच्या बाबतीत कधीपासून करत होती. चपला ओसरीवर असल्या की तिची काही तक्रार नसे. उलट पावसात भिजू नयेत म्हणून ती स्वतः त्या आत सरकवायची. तीच चपल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत दिसली की मात्र वाडा हादरायचा. चपल कुणाची, हा प्रश्नच नाही. एकदा आजोबा विसरून पायात तशाच घेऊन पाणी प्यायला गेले, तर त्यांनाही ती सुट्टी मिळाली नाही. सीगॅसचंही तेच. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा, म्हणजे अगदी घरचा डीएनए चुकून गळला तरी घंटा वाजते. मी आजही स्वयंपाकघरात स्लिपर घालून जात नाही. बायको म्हणते, अरे टाइल्स गार आहेत. असू देत.

इंटरफेरॉन सापडलं १९५७ साली, लंडनला. आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातला पातळ पडदा घेतला, त्यावर तापवून निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला, आणि मग त्या पडद्याचं पाणी दुसऱ्या कोऱ्या पडद्याला दिलं. त्या कोऱ्या पडद्यावर जिवंत विषाणूही धड वाढेना. पाण्यात निरोप उतरला होता, तोच इंटरफेरॉन. काही जणांनी त्याची 'मिसइंटरप्रिटॉन', म्हणजे चुकीचा अर्थ काढून झालेला शोध, म्हणून टिंगलही केली.

ती टिंगल करणारे आमच्या वाड्यात राहिले असते तर त्यांना लगेच पटलं असतं. गणपतीच्या आधी वर्गणीवाली पोरं यायची. दिंडी दरवाजातून आत आलं की पहिलं दार नानांचं. नाना एकटे राहायचे, पोस्टातून निवृत्त. एरवी त्यांचं बोलणं शेजारच्या खोलीतही ऐकू जात नसे, पण त्या दिवशी मात्र खड्या आवाजात, "या, या! मंडळाची मंडळी का? पावतीपुस्तक आणलंत ना?" हे शब्द जिना चढून वर येईपर्यंत आमच्या खोलीचा दिवा मालवलेला असायचा. आई स्टोव्हची चावी सोडून द्यायची, कारण त्याची फरफर बाहेर ऐकू जाई. आमटी अर्धीकच्ची, भात ओला. आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडावर हात दाबून बसलेलो.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, तेच तर! निरोप पोचलेल्या पेशी पीकेआर नावाचं प्रथिन वाढवून ठेवतात. विषाणू आत आला की ते पेशीचा प्रथिनांचा कारखानाच थांबवतं. विषाणू आपल्याच चुलीवर रांधतो ना, मग चूलच विझवायची. स्वतःची उपासमार झाली तरी चालेल."

"आणि निरोप देणारी पहिली पेशी?"

"ती बहुतेक वेळा मरते, मामा."

तिला लेक्चर होतं. फोन ठेवला. पाठीला घाम आल्यासारखा वाटत होता.

पोरं जिना चढून यायची, कडी वाजवायची, कंटाळून जायची. मग आई स्टोव्हला पिन मारून पुन्हा पेटवायची आणि आम्ही गरम आमटी-भात खायचो. दर वर्षी. खाली नानांची पावती किती रुपयांची फाटली, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.