मागाच्या खटखटीत पॉपकान

परवा रात्रपाळीला पॉपकान ह्या गायकाचा पहिला स्टुडिओ अल्बम परत ऐकला, 'व्हेअर वी कम फ्रॉम', २०१४ चा. आमचा अशोक चौकाकडं टॉवेलचा छोटा कारखाना, माग सुरू असले की शेजारचा काय बोलतोय तेपण ओठांवरून ओळखावं लागतं, पण इयरफोन घातले अन् डान्सहॉलचा, म्हणजे जमैकातल्या नाचाच्या संगीताचा, बेस त्या खटखटीच्या खालून असा वर येतो ना, अंगावर काटाच आला.

हा पोरगा जमैकाच्या सेंट थॉमसचा. २०१० ला तिथलाच गायक व्हायब्ज कार्टेलसोबत 'क्लार्क्स' हे गाणं गाजलं तेव्हाच नाव झालेलं, तरी अल्बम यायला चार वर्षं गेली. डान्सहॉलचा धंदा सिंगलवर चालतो, एक रिदम म्हणजे तयार ठेका बनवायचा अन् त्याच्यावर दहा गायकांनी आपापलं गाणं म्हणायचं, आपल्याकडं एकाच चालीवर वेगवेगळी भजनं म्हणतात तसंच. म्हणून असे अल्बम बऱ्याचदा सुट्या गाण्यांचं गाठोडं वाटतात. हा नाही वाटत. प्रोड्युसर बरेच आहेत, पण मुख्य प्रोड्युसर ड्रे स्कलनं ताणा एकच धरलाय.

त्यातलं 'एव्हरीथिंग नाइस' हे गाणं तर तीनदा लावलं. चाल संथ, आवाज रडवेला, अन् सांगतोय काय तर सगळं छान चाललंय. बाबांना एक इयरफोन दिला. कांडी बदलता बदलता त्यांनी पायानं ठेका धरला अन् म्हणाले, "ह्यो पण आपल्यासारखाच गल्लीतला दिसतोय की."

तेवढ्यात धागा तुटला, माग थांबला, तरी बाबांचा पाय चालूच.