आधी स्क्रीन, मग मेट्रो

चीनमधल्या हफेई शहरात येऊन दीड वर्ष झालं, तरी घरमालकीणबाईंना 'आयी' म्हणताना हसू येतं. चिनी भाषेत ही मावशीसाठीची हाक. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "बरंय, तिकडेही एक मिळाली."

मेट्रोत बसलं की आयींचं ठरलेलं वाक्य येतं, "ही खूप उशिरा आली हं!" 2008 साली शहरानं मेट्रोचे पैसे बाजूला काढून टीव्हीच्या स्क्रीनमध्ये घातले, असं इथं सगळेच सांगतात. पहिली मार्गिका सुरू झाली ती थेट 2016 च्या डिसेंबरात. हफेईत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही बनायचे, पण स्क्रीन बाहेरून यायची. म्हणून स्क्रीन बनवणाऱ्या बीओई कंपनीला बोलावलं. प्रकल्प साडेसतरा अब्ज युआनचा! शहरानं नुसतं अनुदान दिलं नाही, भागीदारी घेतली. किंमत वाढली की शेअर विकायचे आणि तोच पैसा पुढच्या उद्योगात घालायचा, ही इथली रीत. 2020 मध्ये निओ ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी पैशाअभावी डबघाईला आली होती. तिच्यात 7 अब्ज युआन घातले. वर्षभरातच कंपनीनं त्यातला काही हिस्सा परत विकत घेतला.

सहकारी साखर कारखान्यांत आपल्या सरकारचंही भागभांडवल असतंच की. ते परत कधी आलं, हा पारावरचा विषय.

बीओईच्या नव्या कारखान्यातली काच 3.37 मीटर लांब आणि 2.94 मीटर रुंद असते, म्हणजे आमच्या पुण्यातल्या बेडरूमची अख्खी भिंत. एवढी काच लांबून आणणार कशी? म्हणून कॉर्निंगनं काचेचा कारखाना शेजारीच थाटला. एका कंपनीमागे दुसरी येते ती अशी.

सगळे डाव लागले असं नाही. प्लाझ्मा टीव्हीत पैसे बुडाले. एलडीके कंपनीचा सौर कारखाना 2013 मध्ये दुसऱ्या कंपनीला विकावा लागला. आणि नुसत्या पैशानं नवं काही सुचत नाही, हे माझं मत. 1970 मध्ये बीजिंगहून विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ इथं हलवलं नसतं, तर आज क्वांटम तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची रांग लागलेला रस्ता इथं दिसला नसता. दूध सरकारचं, पण विरजण विद्यापीठाचं.

परवा आयी मला बाओ गोंगच्या देवळात घेऊन गेल्या. हजार वर्षांपूर्वीचे हे हफेईचे अधिकारी म्हणजे आपले रामशास्त्रीच. तिथल्या तळ्यातली कमळकाकडी मोडली तर तार निघत नाही म्हणे. चिनीत 'तार नाही' आणि 'स्वार्थ नाही' यांचा उच्चार एकच. मी विचारलं, "मग शहराचे पैसे कुठं लावायचे, हे ठरवणारे साहेब कुठली कमळकाकडी खातात?"

आयी खो खो हसल्या. घरी आल्यावर त्यांनी बाजारातली कमळकाकडी मोडून दाखवली. वीतभर तार निघाली.

"ही त्या तळ्यातली नाही," म्हणाल्या, आणि सूपात टाकली.