उलट, युनिक, परत उलट

सरांनी माझ्या कोडच्या रिव्ह्यूमध्ये एवढंच लिहिलंय: "अधिक, उलट, युनिक, परत उलट. झालं की." पुढे ना प्रश्नचिन्ह, ना हसरा चेहरा. दुपारपासून ती ओळ डोक्यात घोळतेय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बरोबर आहे.

अगदी बरोबर आहे. दोन याद्या अधिकच्या चिन्हाने जोडायच्या, उलट्या करायच्या, युनिक लावून पुन्हा आलेल्या नोंदी गाळायच्या, परत सुलट करायच्या, शेवटी लिस्ट लावायचं. दोन्हीकडे असलेली नोंद मग शेवटच्या जागी राहते, आधीची जाते. मी ज्यासाठी अ‍ॅन्सिबलला (एकदम अनेक मशीन सेट करायच्या साधनाला) जोडायचा अख्खा फिल्टर प्लगइन लिहिला, नेमकं तेच. एका ओळीत.

राग आलाय का? राग नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. हे काहीतरी दुसरंच आहे. "तुला कुणी सांगितलं होतं?" असं कुणी म्हणालेलं नाही, तरी मला दिवसभर तेच ऐकू येतंय.

गरज होती, हे आधी लिहून ठेवते. अ‍ॅन्सिबलमध्ये एकाच नावाचं व्हेरिएबल मशीनच्या दोन ग्रुपांत असलं की एक दुसऱ्याला पुसून टाकतं, जोडलं काही जात नाही. म्हणून आमच्याकडे सगळ्या मशीनची एक यादी, ग्रुपची वेगळी, एखाद्या मशीनची आणखी वेगळी. आणि त्या जोडायची तऱ्हा प्रत्येक प्लेबुकची (मशीनवर काय करायचं ते लिहिलेल्या फाइलीची) आपापली. एकात युनियन हा याद्या एकत्र करणारा फिल्टर वापरलाय. आमच्याकडच्या आवृत्तीत युनियन आतून पायथनचा सेट वापरतं आणि सेटला क्रमाचं सोयरसुतक नसतं. त्यात पायथन 3.3 पासून स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, हॅश (सेटमधली जागा ज्यावरून ठरते ते आकडे) दर वेळी मुद्दाम वेगळे पाडले जातात. म्हणजे नोंदी त्याच, पण फाइलीत उतरताना दर रनला क्रम बदललेला असू शकतो. टास्क म्हणतो फाइल बदलली, हँडलर सर्व्हिस रीस्टार्ट करतो, आणि खरं तर कुणी कशाला हातही लावलेला नसतो. ज्याने रात्री अलर्ट उचललाय त्याला हे समजावून सांगून बघा.

दुसऱ्या प्लेबुकात सरांचीच जुनी युक्ती आहे. यादी डिक्शनरीत (नाव-किंमत जोड्यांत) कोंबायची, डिक्शनरी जोडणाऱ्या कंबाईनला लिस्ट-मर्जसाठी अपेंड-आरपी (दोन्हीकडची नोंद पहिलीतून काढ, दुसरी यादी मागे जोड) सांगायचं, मग यादी परत बाहेर काढायची. चालतं ते. फक्त एखादी नोंद एकाच यादीत दोनदा असेल आणि दुसरीत नसेल, तर ती दोनदाच राहते. माझा प्लगइन आला की ती युक्ती जाणार. त्यावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही, आणि ते इथेही नको.

पण "झालं की"! त्या "की"मध्ये काय आहे? उगाच खटाटोप केलास असं, की बघ, असंही जमतं असं? समोर बसून म्हणाले असते तर चेहऱ्यावरून कळलं असतं.

बरं, क्रमाचं एवढं काय, असं म्हणणारेही आहेत. एसएसएचडीच्या (दुरून लॉगिन देणाऱ्या सर्व्हिसच्या) कॉन्फिगमध्ये एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरली जाते, तीच गोष्ट खाली पुन्हा लिहिली तर बहुतेक वेळा तिकडे कुणी बघत नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) वरून खाली विचारले जातात, आणि ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी त्यातले पहिले 3 च घेते. मशीनचा खास नेमसर्व्हर चौथ्या जागी ढकलला गेला तर तो असून नसून सारखाच. म्हणून कुठली नोंद ठेवायची, पहिली की शेवटची, हे मागणाऱ्याने ठरवावं. माझ्या प्लगइनमध्ये तेवढा एकच पर्याय आहे. तो वाचता येतो. दोनदा उलटं का केलंय, हे सहा महिन्यांनी प्लेबुक उघडणाऱ्याला कोण सांगणार? कॉमेंट? आमच्याकडे कॉमेंट कोण लिहितं ते माहीत आहे.

आतला कोड मूठभर आहे. पायथन 3.7 पासून डिक्शनरी घातलेला क्रम पाळतेच, तो भाषेचा नियम आहे, त्यामुळे बहुतेक काम तिच्यावरच ढकललंय. नोंदच डिक्शनरी असेल तर तिचा हॅश होत नाही, मग एकेक तपासत बसावं लागतं. ते संथ आहे, पण आमच्या याद्या लांब नाहीत. एक गंमत म्हणजे पायथनच्या लेखी 1 आणि ट्रू सारखेच, त्यातला एक बिनबोभाट गायब होतो. त्याची वेगळी टेस्ट लिहिली. टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन मिळून कोडच्या कितीतरी पट झालंय. एका ओळीच्या कामासाठी.

बघा, आले परत तिथेच.

संध्याकाळी उत्तर लिहायला बसले. सुरुवात नम्र होती, "सर, आपलं म्हणणं मान्य आहे" वगैरे. मग युनिकची माहिती पुन्हा वाचली आणि अंगात आलंच. जिंजाचा (अ‍ॅन्सिबल वापरतं त्या टेम्प्लेट भाषेचा) युनिक मुळात लहान आणि मोठ्या अक्षरांत फरकच करत नाही, वेगळं सांगावं लागतं! एक पाथ छोट्या डीचा आणि एक मोठ्या डीचा असेल, तर लिनक्सवर त्या दोन वेगळ्या डिरेक्टरी. युनिक त्यातली एक गाळून मोकळा. सरांच्या चार शब्दांत याची सोय नाही. मग काय, उदाहरणं, आउटपुट, सगळं जोडत गेले. परिच्छेदावर परिच्छेद. शेवटच्यात तर "दीर्घकालीन देखभाल" असा शब्दही आला, म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं ते समजा.

पाठवणार एवढ्यात स्क्रीन ताजी झाली. सरांनी अप्रूव्ह केलं होतं. एक अक्षर न लिहिता.

आता हातात एवढा बिनतोड युक्तिवाद आणि तो कुणालाच नकोय. आधी वाटलं, तरीही पाठवावा. मग वाटलं, हे म्हणजे लग्न ठरल्यावर पत्रिका जुळत असल्याचं पटवत बसणं. अक्षरांचा मुद्दा तेवढा उचलून डॉक्युमेंटेशनच्या टिपांमध्ये टाकला, बाकीचं पुसलं. "दीर्घकालीन देखभाल" पुसताना जरा जीवावर आलं.

"झालं की"चा अर्थ अजून लागलेला नाहीच. बहुधा लागणारही नाही. सर सगळ्यांना असंच लिहितात, असं टीममधली ज्युनिअर म्हणाली. तिला काय, तिला अजून त्यांनी काही लिहिलेलंच नाही.

तिचा मात्र एक प्रश्न होता, आणि तो विचारणारी ती एकटीच. यादीऐवजी कुणी नुसतं 'एनजिनएक्स' (nginx) असं पॅकेजचं नाव दिलं तर? पायथन स्ट्रिंगसुद्धा अक्षर-अक्षर करून वाचतो, म्हणजे पॅकेजऐवजी सुटी अक्षरं मिळायची, आणि एन दोनदा आहे म्हणून वर त्यातला एक एन गाळलेला. ते मी आधीच अडवलंय, सरळ एरर येते: यादी हवी, स्ट्रिंग मिळाली. तिला दाखवलं तर म्हणते, "कितवी यादी ते पण लिहा ना ताई. तीन-तीन याद्या दिल्यावर माणूस कुठे शोधणार?" सरांची ओळही अशा वेळी एरर देते, पण कितव्या यादीवर अडलं ते तीही सांगत नाही.

तेवढं वाढवते आता. अर्थात कोड बदलला की आमच्याकडे मंजुरी आपोआप उडते, म्हणजे उद्या परत सरांच्याच दारात. याद्या शून्यापासून मोजायच्या की एकपासून, एवढंच ठरायचं राहिलंय. ती म्हणते एकपासून. मलाही तेच वाटतं. सरांना विचारत नाही.