ई-पत्रावरच्या स्पॅम तक्रारी आणि संमतीचा पुरावा : माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या मराठी वाचनालयाचे मासिक ई-पत्र पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. नवीन पुस्तके, व्याख्याने आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांची माहिती एवढाच त्यातील मजकूर असतो. तरीही काही वाचकांनी त्यावर स्पॅमचा शिक्का मारला आणि ज्या कंपनीच्या सेवेतून आम्ही पत्रे पाठवतो तिने आमचे खाते गोठवले.

तक्रारी अगदी थोड्या होत्या, पण हिशेबच निर्दय आहे. फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या गूगल आणि याहूच्या नियमांनुसार स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली असावे लागते, आणि गूगलचा सल्ला ते ०.१ टक्क्याच्याही खाली ठेवण्याचा आहे. दोन हजार पत्रे गेली आणि दोघांनी बटण दाबले की ०.१ टक्का झाला. सहा जणांनी दाबले की मर्यादाच गाठली. शिवाय तक्रार कोणी केली हे जीमेल कळवत नाही, केवळ एकूण प्रमाण दाखवते, आणि पत्रे थोडी असतील तर तेही दिसेलच असे नाही. याहूकडून मात्र पाठवणाऱ्या कंपनीपर्यंत प्रत्येक तक्रार पोहोचण्याची सोय आहे. त्यातून आम्हाला निपाणीचे एक जुने सभासद सापडले. फोन केल्यावर ते निरागसपणे म्हणाले, "अहो, वाचून झालं, काढून टाकूया म्हणून दाबलो की." वाचनालयावर त्यांचा काडीचाही राग नव्हता.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर आमच्याच नावाने गेले आहे हे पटवणाऱ्या, तांत्रिक नोंदी एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने एका बैठकीत करून दिल्या, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. आम्ही अडकलो ते संमतीच्या पुराव्यावर.

कंपनीने विचारले, हे ई-मेल पत्ते तुम्हाला कुठून मिळाले? आमचे उत्तर तयार होते. संमेलनातील पुस्तकांच्या दालनात आम्ही वही ठेवतो आणि तिच्या प्रत्येक पानावर 'वाचनालयाचे मासिक ई-पत्र हवे असल्यास आपला पत्ता लिहून सही करावी' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. नाव, गाव, पत्ता, सही, तारीख असे सगळे रकाने भरलेले होते. त्या पानांची छायाचित्रे मी मोठ्या अभिमानाने पाठवली. उत्तर आले की संमतीचा पुरावा म्हणून अर्ज भरल्याची वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे ज्या इंटरनेट जोडणीवरून अर्ज भरला तिचा क्रमांक, कळवावा. शाईने केलेल्या सहीला आयपी पत्ता कुठून असणार, हे मी विचारले, तर पुन्हा शब्दशः तेच उत्तर, खाली केवळ नाव वेगळे. पुढच्या पत्रात त्यांनी कागदाचे इंग्रजी भाषांतर मागितले. सरकारी कचेरीत मराठी कागद नेल्यावर 'कन्नडमध्ये आणा' हे ऐकण्याची सीमाभागातील माणसाला सवय असते, त्यामुळे भाषांतर करून देण्याचे मला वाईट वाटले नाही. ते दिल्यावरही उत्तर बदलले नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

त्यानंतर सुचवण्यात आलेला मार्ग तर आणखी विचित्र होता. सर्व वाचकांना पुष्टीचे पत्र पाठवावे आणि त्यातील दुवा जे दाबतील तेवढेच यादीत ठेवावेत, असे त्यांचे म्हणणे. मार्ग योग्यच होता, परंतु पुष्टीचे पत्र पाठवायला खाते सुरू हवे आणि खाते सुरू व्हायला पुष्टी हवी. तयार साच्यातील उत्तरे देणाऱ्या मदत विभागाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला फार उशिरा उमगले. खाती बंद करण्याचा निर्णय घेणारा विभाग वेगळा असतो. आपले प्रकरण त्या विभागाकडे सोपवावे असे पहिल्याच पत्रात लिहावे. मी तसे लिहिले तेव्हा प्रथमच एका जिवंत माणसाने आमचे पत्र वाचले आणि केवळ पुष्टीच्या पत्रापुरते खाते उघडून दिले.

या पुष्टीत आमचे अनेक वाचक गळाले. ज्यांचे खाते नातवाच्या फोनवर उघडलेले आहे, असे खानापूरकडचे वयस्कर सभासद दुवा दाबणार तरी कसे? कार्यकर्त्यांनी फोन करून, काही ठिकाणी घरी जाऊन ते काम केले. उरलेल्यांना आम्ही यादीतून काढले, आणि तसेच करावे. वर्षानुवर्षे न उघडलेले पत्ते ठेवून उपयोग नाही, कारण सोडून दिलेल्या काही पत्त्यांचा स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी सापळा म्हणून वापर होतो.

आता वही तशीच आहे, पण संमेलनाहून परतल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येक नव्या पत्त्यावर पुष्टीचे पत्र जाते. महिने उलटले की आपण सही केली होती हेच माणूस विसरतो. पाठवणाऱ्याच्या जागी आता सचिवांचे नाव नसते, वाचनालयाचे असते, कारण सचिव बदलले की वाचकाला पत्र अनोळखी वाटते. नोंदणी रद्द करण्याची ओळ पूर्वी तळाशी बारीक इंग्रजीत होती, ती आता मराठी आणि कन्नडमध्ये सुरुवातीलाच दिली आहे. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळ एका टिचकीत नोंदणी रद्द करण्याची सोय दिसावी, यासाठी पत्राच्या शीर्षनोंदीत, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत, करावी लागणारी व्यवस्थाही केली आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना ती सक्तीची आहे, आम्हाला नाही. आमच्या कार्यकारिणीत काहींना वाटले की अशाने वाचक कमी होतील. होऊ देत. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगतो, आणि नोंदणी रद्द करणारा वाचक आमच्या टक्केवारीत धरला जात नाही, तक्रार करणारा धरला जातो.