एकाच झरीचं पाणी

चवथीला चार दिवस होते. डिचोलीत सकाळपासून पाऊस धरला होता आणि मी नेहमीसारखी घरूनच कामाला बसले होते. नवीन क्रिप्टो टोकन लोकांनी घेण्याआधी ते तपासायचं आणि त्यात धोका किती ते कळवायचं, हे माझं काम. साडेदहाच्या सुमारास सावईवेऱ्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे मामा.

"बघ गो जरा, तू तेच करतेस ना?"

टोकनचा पत्ता त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सुपारीचे आलेले साडेतीन लाख त्यात घालायचे होते. त्यांच्या एका शाळासोबत्याने त्यांना टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिथे रोज एकच घोष चालला होता, चवथीला मोठी बातमी येणार.

स्कॅनरवर सगळं हिरवं आलं. कोड उघडा, नवीन टोकन छापायची सोय नाही, मालकी सोडलेली, लिक्विडिटीला, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी टोकनसोबत ठेवलेल्या पैशांच्या साठ्याला, ठरावीक मुदतीचं कुलूप. नोव्हेंबर 2021 मध्ये स्क्विड नावाचं टोकन 2,800 डॉलरच्या वर जाऊन काही मिनिटांत शून्याला टेकलं होतं. लोकांना ते विकताच येत नव्हतं. तसला सापळा आता स्कॅनर पकडतो, खोटी विक्री करून बघतो. इथे विक्री होत होती. पहिल्या दहा धारकांकडे मिळून 22 टक्के, म्हणजे तेही डोळ्यात भरण्यासारखं नाही.

तरी मी हिरव्यावर थांबत नाही. मी पहिले खरेदीदार काढते. लिक्विडिटी घातली गेली त्याच ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यात) किंवा लगेच पुढच्यात घेणारी 31 वॉलेट निघाली. बाहेरच्या माणसाला इतक्या लवकर कळायचं कारण नाही. बीएससीस्कॅन या सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर एकेक उघडलं. प्रत्येकाचा पहिलाच व्यवहार म्हणजे बीएनबी, त्या साखळीचं मूळ चलन, जमा. रकमा मुद्दाम वेगवेगळ्या: 0.83, 1.12, 0.97. पण वेळा? आदल्या रात्रीच्या चौदा मिनिटांत सगळ्या.

इथे घाई केली तर चूक होते. एखाद्या मोठ्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून हजारो अनोळखी माणसं पैसे काढतात, सगळ्यांचा उगम एकच दिसतो आणि त्यात गैर काहीच नसतं. म्हणून उगमाचं वॉलेट उघडलं. एक्स्चेंजच्या वॉलेटवर लाखो व्यवहार असतात, याच्यावर जन्मापासून फक्त 58 होते. पैसे दोन वॉलेटमधून वाटले होते आणि त्या दोघांना देणारं तिसरं एकच. 31 जणांची बेरीज केली: एकूण टोकनांपैकी 64 टक्के. प्रत्येकाकडे दोनेक टक्के, म्हणून यादीत कोणीच मोठा दिसत नव्हता.

मग कुलपाची मुदत पाहिली. चवथीच्या दिवशीच संपत होती.

नानांना वॉलेट, ब्लॉक हे सांगून काय कळणार होतं? मी म्हटलं, "नाना, कुळागरात पाणी प्रत्येक पोफळीच्या मुळाशी वेगळं दिसतं. पाट धरून वर गेलात तर?"

"झर एकच."

"इथेही तसंच आहे. 31 गिऱ्हाइकं दिसतात, माणूस एकच आहे."

"पण कुलूप आहे म्हणतात."

कुलूप खरंच होतं, आणि लोक फसतात ते इथेच. कुलूप असतं ते फक्त लिक्विडिटी काढून नेण्यावर. ज्याच्या हातात टोकन आहे तो ते केव्हाही विकून त्याच लिक्विडिटीतले बीएनबी घेऊन जाऊ शकतो. 64 टक्के एकदम विकले गेले तर कुलूप जागच्या जागी राहतं आणि आत काही उरत नाही.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी घालत नाही. पण त्याने दोन लाख घातलेत गो." मी म्हटलं, आत्ता फोन करा, आत्ता विकता येतंय. त्यांनी केला. सोबत्याने ऐकलं नाही. भाव आदल्या दिवसाच्या दुप्पट होता, त्याला दोष मी देत नाही.

दुपारी एकला मी अतिधोक्याचा शेरा मारून अहवाल वर पाठवला. आमच्याकडे दुसऱ्या तपासनिसाची सही लागते. ती दुसऱ्या दिवशी अकराला झाली. 31 वॉलेटनी त्याआधीच, पहाटे, सहा मिनिटांत सगळं विकलं होतं. कुलूप उघडायचीही वाट पाहिली नाही. ते बावीस तास मला अजून सलतात. असल्या प्रकरणात आधी इशारा लावा, सही मागाहून करा, असं मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मांडते आहे.

मी तशीच पावसातून सावईवेऱ्याला गेले. सोबत्याच्या घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान ओसरीवर पडलं होतं, नाना त्याच्या शेजारी बसले होते. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. मी 31 पत्ते कागदावर लिहून नेले होते, पण पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, रुपये कुठल्या बँक खात्यात गेले, यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा क्रमांक, काय. टोकनसाठी आधी यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो, घेताना सोबत्याने चार अनोळखी खात्यांत यूपीआयने पैसे पाठवले होते. तो चष्मा पुसत मोबाइलमधले जुने मेसेज शोधू लागला. पहिला नंबर सापडला तेव्हा नानांनी तो मोठ्याने वाचला, एकेक आकडा, दोनदा.